आधी घरं

आई गेली त्या दुपारी दादा कंट्रोल रूममध्ये होता, आणि तिच्या खोलीतला पंखा बंद पडला तो त्यानंच वीज बनवणारं युनिट खाली आणलं, म्हणजे बंद केलं म्हणून. हे त्याला नंतर कुणी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्यासारखं त्यात काही उरलंही नव्हतं.

नदीकाठच्या त्या कोळशाच्या वीज प्रकल्पात दादाची अर्धी हयात गेली होती. राखेच्या गाडीवर हेल्पर म्हणून लागला आणि शिकत शिकत शिफ्टचा प्रमुख झाला. प्रकल्पामागे कामगारांच्या वसाहतीच्या इमारती होत्या. त्यातल्या एकीत सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर तो, वहिनी आणि आई राहत. वरचा मजला कुणाला नको असायचा. गच्ची डोक्यावर तापायची. पण दादाला घर मिळालं तेव्हा तेवढंच शिल्लक होतं. पुढे आईचे गुडघे गेले आणि तिचं खाली उतरणं जवळजवळ बंद झालं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव घेईना. नदी आटून मधोमध एक पट्टा तेवढा वाहत होता. कोळशाची वीज म्हणजे शेवटी वाफेची वीज. ती वाफ टर्बाइन फिरवून बाहेर पडली की तिचं पुन्हा पाणी करावं लागतं, आणि त्यासाठी नदीचं गार पाणी लागतं. त्या दिवशी नदीचं पाणी भांडी घासायला घ्यावं इतकं कोमट होतं. पडद्यावरचे आकडे सकाळपासून वाईट दिशेला सरकत होते. दादा लोड कमी करत गेला. दुपारी शेजारच्या टेबलावरचा जोडीदार म्हणाला, "अजून थोडं ताणू या का?"

"ताणलं आणि टर्बाइनला काही झालं, तर महिनाभर अंधार," दादा म्हणाला, आणि त्यानं युनिट खाली आणलं.

मग वरून, कुठे किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या भार केंद्रातून, जे हुकूम यायचे ते आले. रुग्णालयाची आणि पाणीपुरवठ्याची लाइन वाचवली, बाकीच्या लाइनी तोडल्या. वसाहतीची लाइन त्या बाकीच्यांत होती. पुढे चौकशी झाली तेव्हा निर्णय अगदी बरोबर होता असंच समितीनं लिहिलं.

वहिनी रुग्णालयात औषधं देण्याच्या खिडकीवर काम करायची. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई पलंगावर होती. छातीवर तिनं ओला टॉवेल ठेवला होता, तो वाळून कडक झाला होता.

दुसऱ्या दिवशी धाकटी बहीण राजधानीतून आली. ती ऊर्जा खात्यात होती. लहानपणी सतत काही ना काही उचलून घरभर वाहून नेत असायची म्हणून दादानं तिचं नाव मुंगी पाडलं होतं. पुढे तिला कार्यालयात सगळे मॅडम म्हणायला लागले, तरी घरात ती मुंगीच राहिली.

आईला पोचवून सगळे परतले. माणसं हळूहळू पांगली. सूर्य केव्हाच मावळला होता. मुंगी आईच्या खोलीत गेली आणि पलंगामागच्या भिंतीला हात लावून उभी राहिली.

"दादा, इकडे ये. ही भिंत बघ."

"काय बघायचंय? दिवसभर ऊन खाल्लंय तिनं."

"अजून हात ठेववत नाही." तिनं हात काढून घेतला. "आई वीज गेली म्हणून नाही गेली. या भिंतींनी तिला भाजलं."

"वीज असती तर पंखा असता. आणखी एक युनिट असतं तर वीज असती. इतकं साधं आहे ते."

"भट्टीत पंखा लावून काय होतं रे? तीच हवा फिरते."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"तू काही चुकला नाहीस."

"ते माहीत आहे मला," दादा म्हणाला. "तेच खातंय. चुकलो असतो तर निदान कुणाची माफी मागता आली असती."

त्या खोलीतून दोघं बाहेर पडली ती दोन वेगळी उत्तरं घेऊन. दादाच्या मनानं घेतलं की वीज कमी पडली. मुंगीच्या मनानं घेतलं की ऊन वाढलंय, पुढे आणखी वाढणार आहे, आणि दादाच्या चिमणीतून जे बाहेर पडतं त्याचा त्यात वाटा आहे. तिनं हे त्याला तोंडावर कधी म्हटलं नाही. पण भावाला बहिणीच्या मनातलं कळायला बोलावं लागतंच असं नाही.

राजधानीत परतल्यावर मुंगीनं अर्ज करून आपली बदली दीर्घकालीन धोरणाच्या कक्षात करून घेतली. खात्यात त्या कक्षाला वळचण म्हणत. जिथून काही हलत नाही, जिथं कुणी फिरकत नाही, अशी जागा. देशाची वीज, इंधन, इमारती, गाड्या यांचं पुढच्या पंचवीस वर्षांत काय करायचं ते तिथं लिहिलं जायचं. पंचवीस वर्षं खुर्चीत कोण टिकतो? त्यामुळे मंत्री त्या कक्षाची फाइल दोन बोटांनी उचलायचे.

मुंगीनं मात्र तिथं मुंगीसारखंच काम केलं. ती इमारती बघत फिरली. सरकारी वसाहती, शाळा, रुग्णालयं, वृद्धांची निवासस्थानं. कुठल्या गच्चीखाली किती तापतं, कुठल्या खिडकीतून किती उष्णता आत येते, भिंतीला बाहेरून जाड थर लावला तर आत किती फरक पडतो, हे सगळं तिनं मोजून घेतलं. तिच्या मसुद्याचा सांगाडा सोपा होता. आधी लोकांची घरं आणि कामाच्या जागा अशा करायच्या, की त्यांना वीज कमी लागेल आणि वीज गेली तरी माणूस आत जगेल. त्याबरोबर स्वच्छ विजेची सोय वाढवायची. आणि मग जुने कोळशाचे प्रकल्प एकेक करून बंद करायचे. आधी, बरोबर, मग. हे तीन शब्द तिनं फार विचार करून वापरले होते.

मंत्र्यांच्या समितीत मसुदा गेला आणि बाहेर आला तेव्हा प्रकल्प बंद करण्याच्या तारखा जशाच्या तशा होत्या. त्या तारखा परदेशातल्या परिषदेत वाचून दाखवता येत होत्या, त्यावर टाळ्या पडत होत्या. घरांच्या परिच्छेदात मात्र 'आधी' हा शब्द नव्हता. त्याच्या जागी 'निधीच्या उपलब्धतेनुसार, टप्प्याटप्प्याने' असं आलं होतं. समितीतले एक मंत्री हसत म्हणाले होते म्हणे, "भिंतीला थर लावला याचं उद्घाटन कसं करायचं? फीत कुठे बांधायची?"

बंद होणाऱ्या प्रकल्पांच्या पहिल्या यादीत दादाचा प्रकल्प होता. बातमी छापून यायच्या आधी मुंगीनं त्याला फोन केला. तिनं सगळं सांगितलं.

"कळलं," दादा म्हणाला. "जेवलीस का?"

"हो."

"बरं." आणि त्यानं फोन ठेवला. त्यानंतर कित्येक महिने तो तिच्याशी नीट बोलला नाही. तिचा फोन आला की वहिनीच्या हातात द्यायचा.

"तुमचं भांडण प्लांटवरून नाहीच," वहिनी एकदा मुंगीला म्हणाली. "तुम्ही दोघं अजून आईवरूनच भांडताय. प्लांटचं नुसतं निमित्त."

मग जनसुनावणी ठरली. प्रत्येक प्रकल्पाच्या गावी जाऊन लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि ते नोंदवून घ्यायचं, असा नियम होता. दादाच्या वसाहतीत मुंगीला सहसचिवांबरोबर पाठवलं. सहसचिव निवृत्तीकडे झुकलेले, शांत, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. तिला त्यांच्याविषयी आदर होता. ती रीतीप्रमाणे विश्रामगृहावर उतरली, तर संध्याकाळी वहिनी दारात हजर.

"माहेरी आलेली मुलगी विश्रामगृहात उतरते होय? उचल ती बॅग."

"वहिनी, बरं दिसत नाही. सुनावणी आहे उद्या."

"उद्या ना? आज तर नाही. चल."

जेवताना दादानं तिला वाढलं, पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. सुनावणीचा विषय त्यानं काढला नाही आणि तिनंही नाही. आईची खोली आता रिकामीच असायची. मुंगीनं आपणहून बैठकीच्या खोलीत अंथरूण घातलं.

सुनावणी वसाहतीच्या सभागृहात होती. एरवी तिथं मुलांची बक्षीस वाटपं आणि निवृत्तीचे निरोप समारंभ व्हायचे. त्या दिवशी लोक दारापर्यंत उभे होते. तीन पाळ्यांचे कामगार, त्यांच्या बायका, म्हातारी माणसं. मुंगीनं धोरण समजावून सांगितलं. तिनं आवाज चढवला नाही, काही लपवलंही नाही, पण सरकारच्या कागदात होतं तेवढंच सांगितलं. लोकांनी नोकऱ्यांचं विचारलं. प्रशिक्षण, बदली, निवृत्ती असं जे ठरलं होतं ते तिनं सांगितलं. काही जण चिडले, काही उठून गेले.

मग मधल्या रांगेतून दादा उभा राहिला.

"मॅडम, एक विचारायचं होतं."

सभागृहात थोडी खसखस पिकली. मॅडम म्हणजे त्याची पाठची बहीण हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादा हसला नाही.

"प्लांट बंद होणार हे कळलं. तारीख कळली. आमच्या इमारती दुरुस्त करणार, उन्हात तापणार नाहीत अशा करणार, असंही कागदात लिहिलंय. त्याची तारीख कुठे आहे?"

सहसचिवांनी माइक आपल्याकडे ओढला. "ते काम निधीच्या उपलब्धतेनुसार टप्प्याटप्प्यानं हाती घेतलं जाईल."

"साहेब, मी मॅडमना विचारलं," दादा म्हणाला.

सहसचिवांनी माइक तिच्यासमोर सरकवला. मुंगी खाली मान घालून बसली होती. तिला सोपं उत्तर माहीत होतं. ते नुकतंच देऊन झालं होतं, तिला फक्त मान हलवायची होती. तिनं मान वर केली आणि भावाकडे पाहिलं.

"तारीख नाही," ती म्हणाली. "मी लिहिलेल्या मसुद्यात घरं आधी होती आणि प्रकल्प नंतर. आता तसं राहिलेलं नाही. घरांचं काम कधी होईल, होईल की नाही, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही."

दादा उभाच राहिला. त्याला पुढे आणखी काही बोलायचं असावं, पण तो बोलला नाही. मागून कुणीतरी अगदी साध्या आवाजात म्हणालं, "मग आधी घरं करा." दुसऱ्यानं तेच म्हटलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एक निवृत्त मास्तरीणबाई उठून लिहून घेणाऱ्या कारकुनाला म्हणाल्या, "नीट लिहा हो. आधी घरं. दोनच शब्द आहेत, चुकू नका." कारकुनानं लिहिलं. सुनावणीत नोंदलेल्या प्रत्येक मागणीला मंत्र्यांना संसदेत उत्तर द्यावं लागायचं, त्यामुळे त्या लिहिण्याला वजन होतं.

परतताना गाडीत सहसचिव खूप वेळ खिडकीबाहेर बघत होते.

"तुम्ही भावाला उत्तर दिलंत की लोकांना?" त्यांनी विचारलं.

"प्रश्न खरा होता, सर."

"खरा होताच. मलाही माहीत होता. पण आता काय होईल ते सांगतो. घरं आधी करायची म्हटल्यावर प्रकल्पाची तारीख पुढे जाणार. दोन वर्षं तरी जाणार. तेवढा धूर जास्त. तोही खराच आहे ना?"

ती शहर येईपर्यंत हातातली फाइल उघडून बसली आणि तिनं एक पान उलटलं नाही.

त्यांनी सांगितलं तसंच झालं. संसदेत प्रश्न आला, इतर गावच्या सुनावण्यांतही हीच मागणी येऊ लागली, आणि पहिल्या यादीतल्या प्रकल्पांपुरता 'आधी' हा शब्द धोरणात परत आला. बाकीच्यांचं नंतर बघू असं ठरलं. दादाचा प्रकल्प दोन वर्षं उशिरा बंद होणार होता. आणि मुंगीची बदली अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेत झाली. ती शिक्षा आहे असं कुणी म्हटलं नाही; उलट निरोपाच्या चहाला सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं.

संस्था शहराबाहेर होती. एका दुपारी ती वर्ग संपवून बाहेर आली तर व्हरांड्यातल्या बाकावर दादा बसलेला. मांडीवर वहिनीनं दिलेला डबा.

"न कळवता आलास?"

"कळवलं असतं तर तू काहीतरी काम काढलं असतंस."

दोघं झाडाखाली जाऊन बसली. दादानं डबा उघडला आणि तिच्यापुढे ठेवला, पण स्वतः हात लावला नाही.

"तुझी बदली माझ्यामुळे झाली," तो म्हणाला.

"माझ्या उत्तरामुळे झाली."

"ऐकून घे. मी त्या दिवशी घरांसाठी विचारलं नव्हतं." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "मला वाटलं, तू खोटं बोलशील. सरकारचंच उत्तर देशील. मग मी सगळ्यांदेखत म्हणणार होतो, बघा, यांना भिंतींची एवढी काळजी, आणि विचारलं की हे असं. तुला कोंडीत पकडायचं होतं मला. चार वाक्यं पाठ करून आलो होतो."

मुंगीनं डबा त्याच्याकडे सरकवला.

"तू खरं बोललीस आणि माझी चारही वाक्यं घशात राहिली."

"मला ते कळलं होतं, दादा," ती म्हणाली. "तू उभा राहिलास तेव्हाच कळलं. लहानपणी मला पकडायचं असलं की तू असाच फार नीट बोलायचास."

"मग कशाला बोललीस?"

"प्रश्न बरोबर होता म्हणून. विचारणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघून उत्तर द्यायचं नसतं. पण त्याचं मोल मी एकटीनं दिलेलं नाही. तुझी चिमणी दोन वर्षं जास्त चालेल. तो धूर कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी भिंती तापवेल. ते मला रोज आठवतं."

आजवर चिमणीचं नाव तिनं त्याच्यापुढे कधी काढलं नव्हतं. दादाला राग येईल असं तिला वाटलं. तो डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिला.

"येतं तिथून बरंच काही," तो म्हणाला. "गच्चीवर कपडे वाळत घातले की तुझ्या वहिनीचे पांढरे पदर करडे व्हायचे. मी म्हणायचो, साबण बदल."

मग त्यानं जेवायला घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात वसाहतीत परांच्या बांधल्या गेल्या. भिंतींना बाहेरून जाड थर बसवायचा, गच्च्यांवर ऊन परतवणारा पांढरा लेप द्यायचा, खिडक्यांना बाहेरून झडपा लावायच्या, कमी वीज खाणारे पंखे बसवायचे, आणि तळमजल्यावर प्रत्येक इमारतीत एक सामायिक गार खोली करायची, वीज गेली तरी बॅटरीवर चालणारी. प्रकल्पातलं काम कमी होत चाललं होतं, म्हणून कामगारांतून देखरेखीला माणसं मागितली. दादानं नाव दिलं नव्हतं; ते वहिनीनं दिलं.

सुरुवातीला तो नुसता कटकट करायचा. थर नीट चिकटत नाही, झडपा वाऱ्यानं वाजतात, ठेकेदाराची माणसं कोपरे सोडून देतात. ती कटकट हळूहळू कामाची झाली. एका इमारतीत त्यानं पूर्ण झालेली बाजू उतरवून पुन्हा करायला लावली. ठेकेदार म्हणाला, "साहेब, आत राहणाऱ्यांना फरक कळणारसुद्धा नाही." दादानं त्याला आपल्या घरी नेलं, आईच्या खोलीत उभं केलं आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. बाहेर आल्यावर ठेकेदारानं माणसांना परांची पुन्हा बांधायला सांगितली.

प्रकल्प बंद झाला ती सकाळ ढगाळ होती. शेवटचं युनिट खाली आणायचा मान दादाला दिला. मान हा शब्द व्यवस्थापनाचा. खात्याचे लोक आले होते, छायाचित्रकार होते. मुंगीला निमंत्रण नव्हतं. दादानं नेहमीसारखं एकेक करून लोड उतरवलं. टर्बाइनचा वेग कमी होत गेला आणि जमिनीतून पायाला जी बारीक थरथर कायम जाणवायची ती थांबली. जोडीदारानं टोपी काढून टेबलावर ठेवली. दादा खुर्चीतून उठला. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. संध्याकाळी त्यानं मुंगीला फोन केला. दोघांनाही फारसं काही सुचेना. फोन मात्र कुणीच ठेवला नाही. शेवटी वहिनी म्हणाली, "आता रडा तरी नाहीतर जेवा तरी," तेव्हा दोघं हसली.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तशीच लाट आली. दूरवर कुठेतरी वणव्यात तारांचे मनोरे सापडले आणि वीज दुपारभर गेली. दादा जिने चढत सगळ्या इमारतींचे वरचे मजले बघत सुटला. ज्यांना खाली उतरता येत होतं त्यांना गार खोलीत पाठवलं. मास्तरीणबाईंचं दार वाजवलं तर बऱ्याच वेळानं उघडलं.

"काय रे, आग लागलीय का?"

"नाही, बाई. बऱ्या आहात ना? घाम, चक्कर काही?"

"झोपले होते मी. चांगला डोळा लागला होता, तू घालवलास." त्यांनी त्याला न्याहाळलं. "तुलाच चक्कर येतेय. ये, आत बस. पाणी देते."

आत गारवा नव्हता, पण श्वास घेता येत होता. दादानं पलंगामागच्या भिंतीला तळवा लावला, आणि तो तिथं ठेववत होता. मग पाणी न पिताच तो जिन्यात येऊन बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून बराच वेळ तसाच राहिला. मास्तरीणबाईंनी ग्लास त्याच्या शेजारी पायरीवर ठेवला आणि दार उघडंच ठेवून त्या आत गेल्या. त्या उन्हाळ्यात वसाहतीतलं कुणी दगावलं नाही. शेजारच्या गावात, जिथं घरांचं काम झालेलं नव्हतं, तिथं माणसं गेली. वहिनी रुग्णालयातून ती नावं ऐकून यायची.

त्या नावांनंतर दादा स्वतःच मुंगीला म्हणाला, "दुसऱ्या यादीतल्या गावांच्या सुनावण्या कधी आहेत?"

"दोन महिन्यांत सुरू होतील. त्यांच्या धोरणात 'आधी' अजून आलेलं नाही."

"तुला जाता येतं का?"

"अधिकारी म्हणून नाही. पण रजा काढून कुठेही जाता येतं."

"मग काढ."

डोंगरापलीकडच्या एका प्रकल्पाच्या उपाहारगृहात दोघं गेली तेव्हा पाळी सुटायची वेळ होती. दादानं आपली ओळख सांगितली तशी दोघा-तिघांनी पाठ फिरवली. एका तरुण बॉयलरवाल्या बाईनं मात्र चहाचा कप घेऊन समोरची खुर्ची ओढली. तिच्या भुवयांत राख होती.

"बंद केलंत तेव्हा कसं वाटलं?" तिनं विचारलं.

दादानं घाई केली नाही. "वाईट वाटलं. कितीतरी दिवस झोप यायची नाही. तो घुमणारा आवाज नसला की कान दुखायचे. अजून कधी कधी शिफ्टच्या वेळेला जाग येते आणि पाय बूट शोधतात."

"आणि तरी आम्हाला बंद करा सांगायला आलात?"

"बंद तर ते करणारच. तुमच्या घरांची तारीख विचारलीत का?"

बाईनं मुंगीकडे पाहिलं. "आहे का तारीख?"

"नाही," मुंगी म्हणाली.

बाईनं कप खाली ठेवला. पलीकडच्या टेबलावर पाठ करून बसलेला एक जण खुर्चीतच अर्धवट वळला. तिनं त्याला हाक मारली, "काका, इकडे या. आणि त्या दोघांनाही बोलवा." मग ती दादाकडे वळली. "सुरुवातीपासून सांगा. तुमच्या इथं आधी काय झालं?"

दादानं एकदा मुंगीकडे बघितलं. खुर्च्या ओढल्याचे आवाज थांबेपर्यंत तो थांबला, आणि मग त्यानं आईपासून सुरुवात केली.